तू थांबलीच नाहीस

मला बोलता येतं. लहानपणापासून येतं, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत त्याचा उपयोगही होत गेला, म्हणजे कोणाच्या घरी प्रार्थनेला जायचं असो, आजारी माणसाला भेटायचं असो, सभेच्या शेवटी कोणीतरी उठून दोन शब्द बोलायचे असोत, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या. मी उभी राहिले की शब्द येत जायचे, बायबलची वचनं पाठ होती, कुठलं वचन कुठे जोडायचं तेही कळायचं, आणि आमेन झालं की दोन-तीन जणी तरी जवळ येऊन हात धरून सांगायच्या की किती मनापासून प्रार्थना केलीस. मलाही तसंच वाटायचं. खोटं काही बोलत नव्हते मी. पण इतकी वर्षं देवाशी बोलतेय, त्याचं कधी काही ऐकलंय का, हा प्रश्न मला पडला नाही आणि मला कोणी विचारलाही नाही.

आमच्या संगतीतल्या एका मैत्रिणीचं बाळ पोटातच गेलं. नववा महिना लागला होता. मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले, ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, मी शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि बोलायला लागले. पाऊण तास तरी बोलले असेन. देवाची योजना, देवाचं प्रेम, तोच जखम करतो आणि तोच पट्टी बांधतो, तू अजून तरुण आहेस, देव पुन्हा देईल, आणि मग शेवटी मोठी प्रार्थना. तिच्या सासूबाई दारात उभ्या राहून रडत होत्या, निघताना मला म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं वाटलं हो." परत येताना मी देवाचे आभार मानले की त्याने मला वापरलं.

आठ-नऊ महिने गेले. एकदा उपासनेनंतर आम्ही दोघीच मागच्या बाकावर बसलो होतो, कशावरून तरी त्या दिवसाचा विषय निघाला आणि ती अगदी शांतपणे, आवाजात राग वगैरे काही नसताना म्हणाली, "तुला एक सांगू? तू आलीस ना त्या दिवशी, मला तुला एक गोष्ट सांगायची होती. तुलाच सांगायची होती. मी वाट बघत होते. पण तू थांबलीच नाहीस."

मी विचारलं, काय सांगायचं होतं गं. ती म्हणाली, "आता नको. जाऊ दे."

त्या रात्री मी गुडघे टेकले आणि नेहमीसारखी सुरुवात झाली, हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो... आणि 'आम्ही' या शब्दावर मी अडकले. खोलीत मी एकटी होते. कोण आम्ही? मी एकटी असतानाही चाळीस माणसांसमोर उभं राहिल्यासारखी प्रार्थना करत होते, आणि कधीपासून करत होते कोणास ठाऊक. मी तिथेच थांबले. पुढे काय म्हणायचं ते सुचत होतं, भरपूर सुचत होतं, पण म्हणावंसं वाटेना. प्रार्थना अर्धी सोडून उठायची माझी ती पहिली वेळ.

पुढच्या दिवसांत मी दोन गोष्टी वाचल्या. एक बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकाचा पाचवा अध्याय, जिथे लिहिलंय की देवाच्या घरी जाताना पाऊल जपून टाक, ऐकण्यासाठी जवळ जा, तोंड उघडायची घाई करू नकोस, कारण देव स्वर्गात आहे आणि तू पृथ्वीवर आहेस, म्हणून तुझे शब्द थोडे असू दे. हे वचन मी इतरांना सांगितलेलं होतं, त्याच्यावर एकदा बोललेही होते, आणि बोलले म्हणजे अर्धा तास बोलले.

दुसरं ईयोबाचं पुस्तक. ते मी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं, कारण दुःखात असलेल्या माणसांसाठी माझी बरीचशी वचनं तिथूनच यायची. ईयोबाची मुलं गेली, सगळं गेलं, तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. मग ते बोलायला लागले. चौथ्या आणि पाचव्या अध्यायात त्यांच्यातला अलीफज बोलतो, आणि पाचव्या अध्यायात अठराव्या वचनाशी आल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. तोच जखम करतो आणि तोच पट्टी बांधतो. हे अलीफजचं वाक्य आहे. ज्या माणसांना देव शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, सांगतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत आणि माझा राग तुमच्यावर पेटलाय, त्यांच्यातल्या पहिल्याचं. मी माझ्या मैत्रिणीचा हात धरून तिला अलीफजचं भाषण ऐकवून आले होते आणि वर त्यासाठी देवाचे आभार मानले होते. वाक्य स्वतःत चुकीचं आहे असं नाही, तसंच बोलणं संदेष्ट्यांच्या तोंडीही सापडतं. पण ते कोणाला, कधी सांगायचं हे कळायला आधी समोरच्याचं ऐकावं लागतं, आणि नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे की ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे आणि लाज आहे.

मग मी ठरवलं की रोज सकाळी वीस मिनिटं देवापुढे बसायचं आणि बोलायचं नाही. मागणं नाही, स्तुतीही नाही, वचन म्हणणं नाही. नुसतं बसायचं.

पहिल्या दिवशी मला वाटलं की वीस मिनिटं होत आली असतील म्हणून डोळे उघडले, तर चार झाली होती. आणि त्या चार मिनिटांत मी गप्प होतेच कुठे, तोंड बंद होतं एवढंच, आत मी कोणाला तरी सांगत होते की मी आता सकाळी शांत बसते, त्याने मला किती फरक पडला, तुम्हीही करून बघा. फरक पडायला चार मिनिटं पण झाली नव्हती आणि सभेत द्यायची माझी साक्ष तयार होती, सुरुवात कशी करायची आणि कुठे थांबून श्वास घ्यायचा यासकट. हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण मग माझ्या आत ऐकणाऱ्यांची गर्दी नसलेली अशी जागा आहे तरी का?

आठवडाभर असंच चाललं. मी सोडून देणार होते. आमच्या मंडळीत एक वयस्कर मावशी आहेत, कायम मागे बसतात, सभेत कधी उठून बोलत नाहीत, त्यांच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांना विचारावं असं का वाटलं माहीत नाही पण विचारलं, "मावशी, तुम्ही शांत बसता तेव्हा मनात काय चालू असतं?" त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. इतका वेळ गेला की मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसेल. मग म्हणाल्या, "तुझं चालतं तेच चालतं. फक्त मी त्याच्या मागे जात नाही. लेकरू बाहेर पळालं की आपण त्याला हाताला धरून आत आणतो, मारत नाही. तसं." आणि म्हणाल्या, "वीस मिनिटं कशाला? पाच बस. पण रोज बस."

त्यांचं ऐकून मी सगळं लहान केलं. पाच मिनिटं, मग महिन्याभराने दहा. मोबाईल दुसऱ्या खोलीत, कारण तो उलटा ठेवला तरी जवळ असला की हात जायचाच, वेळेसाठी साधं गजराचं घड्याळ. खुर्चीवर ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकवून, कारण गुडघ्यावर बसले की मला सवयीने प्रार्थनेची भाषा यायची. शेजारी एक वही, आज हे करायचंय ते राहिलंय असं जे आठवतं ते एका शब्दात लिहून टाकायचं म्हणजे मन ते धरून बसत नाही. आणि मन पळालं की परत यायला एकच छोटं वाक्य, बायबलमधल्या लहान शमुवेलाचं, फक्त मी माझं करून घेतलेलं: बोल प्रभू, तुझी दासी ऐकतेय. हे सारखं म्हणत बसायचं नाही. भटकल्यावर फक्त एकदा, दार लावून घेतल्यासारखं. काही सकाळी मी दहा मिनिटांत तीस वेळा परत आले असेन. सुरुवातीला ते अपयश वाटायचं, नंतर कळलं की तीस वेळा परत येणं हीच त्या दिवशीची प्रार्थना होती.

शमुवेलाच्या गोष्टीतली एक बाजू आपण मुलांना सांगताना नेहमी गाळतो. तो लहान मुलगा रात्री देवाची हाक ऐकून, एली याजकानेच बोलावलं असं समजून, तीनदा उठून त्याच्याकडे पळतो, चौथ्यांदा म्हणतो बोल, तुझा दास ऐकतोय, इथे आपण गोष्ट संपवतो. पण देव त्याला जे सांगतो ते काही गोड नाहीये. ज्या एलीने त्याला वाढवलं त्याच्याच घराण्याच्या शिक्षेची बातमी ती, आणि तो पोरगा सकाळपर्यंत पडून राहतो आणि सांगायला घाबरतो. ऐकायला बसलं की आधी शांती मिळेल, बरं वाटेल, असं मला कोणीतरी शिकवलं होतं बहुतेक.

माझ्या बाबतीत पहिली गोष्ट दोन-अडीच महिन्यांनी आली. आवाज वगैरे काही नाही, मला आजपर्यंत कानांनी कधीच काही ऐकू आलेलं नाही. एक चेहरा आला. आमच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या एका ताईंचा. तिच्या घरातली एक अडचण तिने मला विश्वासाने सांगितली होती आणि मी ती आमच्या बायकांच्या ग्रुपवर टाकली होती, प्रार्थनेचा विषय म्हणून. नाव घेतलं नव्हतं, पण कळत होतं सगळ्यांना. या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं आणि मी तिच्यासाठी प्रार्थना पण केली होती, इतकी की मूळ जे केलं ते त्या प्रार्थनांखाली पुरलं गेलं होतं. आता गप्प बसल्यावर वर टाकायला माती नव्हती. तीन दिवस तोच चेहरा. चौथ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि सांगितलं की ती गोष्ट माझ्याकडून बाहेर गेली. तिला तोपर्यंत माहीत नव्हतं कोणाकडून गेली ते. तिने मला क्षमा केली असं काही तेव्हा झालं नाही, ती म्हणाली, "ठीक आहे, निघा तुम्ही," आणि त्या आधी ती मला अगं-तुगं करायची. पुढे बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी त्या ग्रुपवर दुसऱ्याच्या घरातलं काहीही लिहायचं सोडलं, आणि 'प्रार्थना करते' असं लिहून हात जोडलेलं चित्र टाकायचंही सोडलं. आधी प्रार्थना करायची, मग वाटलं तर लिहायचं. बहुतेक वेळा नंतर लिहावंसं वाटतच नाही.

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू म्हणतो की माणसं जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा त्यांना न्यायाच्या दिवशी हिशेब द्यावा लागेल. व्यर्थ शब्द म्हणजे शिवीगाळ, खोटं, चहाडी असं मी धरून चालले होते. आता मला वाटतं की ज्याच्या मागे मी स्वतः उभी नाहीये तो प्रत्येक शब्द त्यात येतो, आणि तो अगदी धार्मिक असू शकतो.

एक चूक इथे सांगायलाच हवी कारण मी तिच्यात बरेच दिवस होते. गप्प राहायला जमतंय असं वाटल्यावर मी घरी पण गप्प राहायला लागले. नवऱ्याशी वाद झाला की पूर्वी मी बोलून बोलून त्याला दमवायचे, आता मी एक शब्द बोलायचे नाही आणि मला वाटायचं की किती बदल झालाय माझ्यात. एकदा तो म्हणाला, "अगं, हे तुझं मौन नाहीये, हा रुसवा आहे. पूर्वी निदान तुझ्या मनात काय आहे ते कळायचं तरी." मला राग आला, पण बरोबर होतं त्याचं. स्तोत्रसंहितेतलं 39 वं स्तोत्र याच्याबद्दलच आहे, त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो मी गप्प राहिलो, चांगलंसुद्धा बोललो नाही, पण माझं दुःख वाढलं आणि आतल्या आत माझं मन तापलं. तोंड बंद करून आत आग पेटवत बसणं ही पण एक शांतताच असते बाहेरून बघणाऱ्याला. आणि 131 वं स्तोत्र वेगळ्या शांततेचं आहे, अवघं तीन वचनांचं, त्यात दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्याठायी आहे असं म्हटलंय. दूध पिणारं मूल आईजवळ आलं की काहीतरी मागतं. दूध तुटलेलं मूल नुसतं येऊन टेकतं. मला स्वतःला ओळखायला हा फरक पुरतो, आज मी टेकलेय की धुमसतेय.

चार-पाच महिन्यांनी मी तीन दिवसांच्या मौनाच्या रिट्रीटला, म्हणजे एकांतातल्या साधना-शिबिराला, गेले. अशी रिट्रीट मुळात सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताच्या पद्धतीतून आलेली आहेत, त्याचं साधनेचं पुस्तक 1548 मध्ये छापलं गेलं आणि पूर्ण साधना साधारण 30 दिवसांची आहे, आठ दिवसांची आणि तीन दिवसांची ही तिची छोटी रूपं. मी कॅथलिक नाही, त्यामुळे जावं की नाही असं झालं होतं, पण मावशींनीच जा म्हटलं. नियम साधे होते. बोलायचं नाही, मोबाईल जमा करायचा, समोरून कोणी आलं तर हसायचं-नमस्कार करायचं ओझंही नाही, दिवसातून एकदा अर्धा तास मार्गदर्शकांना भेटायचं आणि तिथे मात्र बोलायचं. मला सगळ्यात जड गेलं ते माणसांजवळ बसून न बोलणं. कोणीतरी माझ्याबद्दल काही वाईट मत करून घेतंय आणि मला ते बोलून नीट करता येत नाहीये, असं पहिला दिवसभर वाटत राहिलं. माझं निम्मं बोलणं लोकांच्या मनातलं माझं चित्र नीट करण्यात जात होतं हे मला तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांनी मला लूकचा चोविसावा अध्याय दिला, अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट. म्हणाले, यातून काही शिकायचं नाही, संदेश काढायचा नाही, नुसतं त्यांच्या मागे चालायचं. यरुशलेमपासून साधारण अकरा किलोमीटर. दोघं शिष्य चाललेत, हरलेले, येशू क्रुसावर गेलाय, आणि तो स्वतः त्यांच्याजवळ येऊन चालायला लागतो आणि त्यांना तो ओळखू येत नाही. तो विचारतो, तुम्ही चालता चालता कशाबद्दल बोलताय? ते थांबतात, चेहरे उतरलेले. त्यांच्यातला क्लयपा म्हणतो, यरुशलेमात राहून या दिवसांत काय झालं ते माहीत नसलेला तू एकटाच आहेस का? आणि येशू म्हणतो, "कोणत्या गोष्टी?"

मी दुपारभर त्या दोन शब्दांवर बसले होते. कोणत्या गोष्टी. त्याच्याइतकं त्या गोष्टींबद्दल कोणाला माहीत होतं? हातांना खिळ्यांच्या खुणा होत्या त्याच्या. तो पहिल्याच वाक्यात सांगू शकला असता, अरे रडताय काय, मी आहे ना. खरी बातमी त्याच्याजवळ होती, अख्ख्या जगात कोणाकडे नव्हती इतकी चांगली बातमी. आणि तरी तो विचारतो आणि त्यांना सांगू देतो, सुरुवातीपासून, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या चुकांसकट, आम्हाला आशा होती की इस्राएलाची सुटका करणारा तो हाच, इथपर्यंत. तो बोलतो ते त्यानंतर. बोलतो तेव्हा कडकही बोलतो, शास्त्र उलगडून सांगतो, त्यामुळे न बोलणं हेच काहीतरी पवित्र आहे असं नाहीये. पण आधी तो माणसांना रिकामं होऊ देतो.

मला मैत्रिणीचं घर आठवलं. पलंग, भिंत, तिचा हात माझ्या हातात. माझ्याकडे तर अशी कुठलीही बातमी नव्हती, आणि मी पाऊण तास... मी त्या बागेतल्या बाकावर बसून खूप रडले. बाजूने लोक जात होते, कोणी थांबलं नाही, कोणी पाठीवर हात ठेवला नाही, आणि मला ते फार बरं वाटलं. रडणं पूर्ण होऊ दिलं लोकांनी.

ऐकू आलेलं सगळंच देवाचं असतं का, हे मला बऱ्याच जणी विचारतात. नसतं. त्याच रिट्रीटनंतर पंधरा दिवसांत मला अगदी ठाम वाटायला लागलं की देव मला आमच्या संगतीतल्या एकीला खडसवायला सांगतोय, तिच्या वागण्याबद्दल. वाक्यं पण तयार होती. मावशी म्हणाल्या, "वाक्यं तयार आहेत ना, मग थांब." मी दहा दिवस थांबले आणि ते विरघळून गेलं, खाली निघाला माझाच जुना चिडका हिशेब. तेव्हापासून मी बघते की ही गोष्ट शास्त्राला धरून आहे का, ती मला मोठं करतेय की कोणावर प्रेम करायला लावतेय, थांबल्यावर ती राहते की विरते, आणि एका तरी जाणत्या माणसाला सांगितल्यावर तिचं काय होतं. कॉयरवाल्या ताईंचा चेहरा दिवसेंदिवस स्पष्ट होत गेला होता आणि मला तिकडे जायचं मुळीच नव्हतं. हा दुसरा विचार मला आवडत होता. इतका फरक तर आता मला ओळखता येतो.

एलीया संदेष्ट्याची होरेब डोंगरावरची गोष्ट (1 राजे, 19) सगळे सांगतात, वारा, भूकंप, अग्नी आणि मग मंद, अगदी हळू असा आवाज. मी पण सांगायचे. आता वाचताना एक भलतीच गोष्ट दिसली. देव त्याला त्या सगळ्याच्या आधी विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? एलीया उत्तर देतो की मी तुझ्यासाठी फार ईर्ष्यावान राहिलो, लोकांनी तुझा करार मोडला, मी एकटाच उरलोय. मग वारा येतो, डोंगर फुटतात, आग येते, तो मंद आवाज येतो, एलीया तोंड झाकून गुहेच्या दाराशी उभा राहतो, देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच उत्तर देतो. तेच, शब्दाला शब्द. एवढं सगळं घडून गेलं तरी त्याचं पाठ केलेलं भाषण जागच्या जागी होतं. मला हे वाचून धीर आला. देव त्याच्यावर चिडत नाही, दोन्ही वेळा पूर्ण ऐकून घेतो आणि मग सांगतो, परत जा, अमुक माणसाला भेट, तमुक माणसाला भेट, आणि तू एकटा नाहीस, सात हजार आहेत. माझ्या ऐकण्यातूनही जे निघतं ते बहुतेक असंच असतं, कोणाकडे तरी जा.

मंडळीत मात्र हे सोपं गेलं नाही. एका सभेत मला प्रार्थना करायला सांगितली, मी उभी राहिले, साधारण मिनिटभर गप्प राहिले कारण खरंच काय मागायचंय ते मला बघायचं होतं, कोणीतरी खोकलं, कोणीतरी हळूच डोळे उघडून बघितलं, मग मी तीन वाक्यं बोलले आणि आमेन म्हटलं. नंतर दोघींनी विचारलं की तब्येत बरी नाही का. एक म्हणाली, "पूर्वीसारखा अभिषेक राहिला नाही हो तुमच्या प्रार्थनेत." म्हणजे देवाच्या आत्म्याचं बळ राहिलं नाही. हे लागलं मला, अजून लागतं. कधी कधी मला ती जुनी प्रार्थना करावीशी वाटते, यायची ती मला, आणि लोकांचे डोळे भरून यायचे तेही काही खोटे नव्हते. देवाने तेव्हाही तिचा काही उपयोग केला असेल. आता सभेत मला फारसं कोणी सांगत नाही. मी मागे मावशींच्या बाकावर बसते.

मैत्रिणीला मी तो विषय पुन्हा काढला नाही. माफी एकदाच मागितली होती, दोन वाक्यांत, आणि ती नुसती मानेने हो म्हणाली होती. मी जात राहिले तिच्याकडे, काही ना काही कामाने.

बाळ गेलं त्याला दोन वर्षं झाली त्या आठवड्यात मी गेले तेव्हा ती घरी एकटीच होती. मी विचारलं, "कशी आहेस?" आणि थांबले. खरंच थांबले, म्हणजे पुढचं वाक्य आत तयार न ठेवता. ती बरी आहे म्हणाली, मग गप्प झाली. पंख्याचा आवाज येत होता. माझ्या मनात तीनदा तरी वचन आलं, चांगलं वचन, अगदी योग्य, मी ते येऊ दिलं आणि जाऊ दिलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ती उठली, कपाट उघडलं आणि एक लोकरीची टोपी आणून माझ्या हातात ठेवली, मुठीत मावेल एवढी, तिने स्वतः विणलेली.

"मी नाव ठेवलं होतं," ती म्हणाली. "यांना पण सांगितलं नव्हतं. सातव्या महिन्यातच ठेवलं होतं. त्या दिवशी सगळे बाळ, बाळ म्हणत होते, कोणालाच माहीत नव्हतं ना. मला वाटलं होतं तू प्रार्थना करशील तेव्हा नाव घेऊन कर म्हणून सांगावं."

मग तिने मला नाव सांगितलं.

ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. टोपी माझ्या हातात होती. मी ते नाव हळूच म्हटलं, फक्त नाव.

ती म्हणाली, "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.